गेजवालं सेफ्टी डिव्हाइस काढून टाकलं, आणि बोहरी आळीतल्या शेगडीवाल्या काकांबद्दल

दोन गोष्टींबद्दल एकत्रच लिहितेय. एक म्हणजे दारावर येऊन विकतात ते सिलेंडरवर बसवायचं गेजवालं सेफ्टी डिव्हाइस, जे मी नवरात्रात घेतलं आणि जानेवारीत काढून ड्रॉवरमध्ये टाकलं. दुसरं पुण्यातल्या बोहरी आळीतलं शेगडी रिपेअरचं एक छोटं दुकान. तिथे गेल्यावर कळलं की ते डिव्हाइस जे दाखवत होतं त्याचा आमच्या घरातल्या खऱ्या प्रॉब्लेमशी काही संबंधच नव्हता. लांबलचक होणारे, पण गॅसचा विषय आहे म्हणून अर्धवट लिहीत नाही.

आम्ही कर्वेनगरला राहतो, घरी मी, नवरा, सासूबाई आणि नववीतली मुलगी. नवरात्रात सोसायटीत दोन मुलं आली, गळ्यात ओळखपत्र, हातात फाइल, बोलणं असं की वाटावं गॅस एजन्सीचीच माणसं आहेत, "मॅडम गॅस चेकिंग चालू आहे" म्हणून थेट ओट्यापर्यंत. त्यांनी ते पितळी डिव्हाइस सिलेंडर आणि रेग्युलेटरच्या मध्ये बसवलं, मग शेगडीकडचा पाइप ओढून काढला आणि खरंच टक् आवाज होऊन गॅस बंद झाला, ते बघून मी पण इम्प्रेस झाले. वर गोल घड्याळासारखं गेज, हिरवा-पिवळा-लाल, काटा हिरव्यात. "टाकीत किती गॅस उरलाय ते इथे कळतं, आणि गॅसची बचत पण होते." १८०० रुपये दिले. नंतर एजन्सीत सिलेंडरचं काम होतं तेव्हा विचारलं, तर म्हणाले आमचं कोणी असं विकायला फिरत नाही आणि सिलेंडर-रेग्युलेटरच्या मध्ये काही बसवूच नका. पण तोवर पैसे गेले होते, आणि पैसे गेले की माणूस ती वस्तू वापरतच राहतो.

दिवाळीत पहिला दणका बसला. फराळ आमच्याकडे चार घरांचा एकत्र होतो, दोन्ही नणंदा आणि माझं माहेर धरून. एका बर्नरवर चकलीची कढई, दुसऱ्यावर चिवड्याची, दोन्ही फुल केले की थोड्या वेळाने डिव्हाइसमध्ये टक् व्हायचं आणि दोन-तीन सेकंदात दोन्ही जाळ बसायचे. मग वाकून ते गेज दाबून परत चालू करायचं, तोवर तेल गार, चकली तेल पिऊन मऊ. एका दुपारी चार वेळा झालं. पैशापेक्षा भाजणी वाया गेल्याचं जास्त लागलं मला.

डिसेंबरमध्ये थंडी पडली आणि सकाळी सहाला चहा ठेवायला गेले की काटा लाल पट्ट्याला टेकलेला. नवीन सिलेंडर लावून आठ दिवस झालेले! मी घाबरून दुसरा बुक केला, आणि दुपारी बघते तर काटा परत पिवळ्यात. तेव्हाच खरं तर कळायला हवं होतं.

पण आम्हाला दुकानापर्यंत नेलं ते वेगळ्याच गोष्टीने. सकाळी पहिल्यांदा गॅस पेटवला की भक्कन मोठा जाळ उठायचा आणि मग एकदम नॉर्मल व्हायचा. मला वाटलं लायटर लावायला उशीर होतोय. सासूबाईंनी मात्र दोन-तीनदा सांगितलं की रात्री ओट्यापाशी वास येतो, अगदी पुसट. मी म्हणायचे, "आई, गेज हिरवं आहे बघा, काही नाही." हे लिहिताना वाईट वाटतं कारण त्यांचं नाक बरोबर होतं आणि माझं गेज चुकीचं. एका रात्री त्यांनी मला उठवलंच. खिडक्या उघडल्या, दिव्याच्या बटणाला हात न लावता रेग्युलेटर बंद केला, आणि सकाळी साबणाचं पाणी लावून बघितलं तर शेगडीच्या छोट्या बर्नरच्या नॉबमागे बारीक बुडबुडे. (असा वास आला तर १९०६ हा एलपीजीचा हेल्पलाइन नंबर आहे, फ्रिजवर लिहून ठेवा.)

आता दुकान. बोहरी आळी ज्यांना माहितीये त्यांना सांगायला नको, भांडी, हार्डवेअर, पत्रा, दोऱ्या, सगळ्याच्या गर्दीत पाच फुटी गाळा आहे, बाहेर जुन्या शेगड्यांचे बर्नर माळेसारखे ओवून टांगलेत, तीच खूण. गाडी न्यायच्या भानगडीत पडू नका, मी मेट्रोने मंडईला उतरून चालत गेले आणि शेगडी नवऱ्याने सकाळीच रिक्षाने नेऊन टाकली होती. काका साठीच्या पुढचे, बोलतात कमी, पण विचारलं की नीट समजावून सांगतात.

मी त्यांना म्हणलं, नॉब लीक आहे, बदलून द्या. ते म्हणाले, "ताई, रेग्युलेटर आणलाय का?" मी नव्हता आणला. म्हणाले नॉब आज बदलेन, पण तुम्ही सांगताय तो भक्कन जाळ नॉबचा नाही, उद्या रेग्युलेटर घेऊन या. दुसरा कोणी असता तर दोन कॉक (नॉबमागची गॅसची चावी) बदलून पैसे घेऊन मोकळा झाला असता. दुसऱ्या दिवशी परत गेले, पिशवीत रेग्युलेटर आणि ते डिव्हाइस.

त्यांच्या भिंतीवर एक प्लायची फळी आहे, त्यावर पारदर्शक प्लॅस्टिकचा पाइप यू आकारात ठोकलेला, अर्धा गुलाबी पाण्याने भरलेला, आणि मागे शिंप्याची मोजायची टेप चिकटवलेली. बस, एवढंच मशीन. त्यांनी माझा रेग्युलेटर त्यांच्या टेस्टिंगच्या टाकीला लावला, त्याचा पाइप टी आकाराच्या एका जोडाने यू पाइपला आणि एका बर्नरला जोडला. बर्नर चालू केला तसं एका बाजूचं पाणी खाली गेलं, दुसऱ्या बाजूचं वर आलं, दोन्हीतला फरक २९ सेंटीमीटर. "घरचा रेग्युलेटर ३० च्या आसपास पाहिजे, २९ झकास," म्हणाले. दर चौरस सेंटीमीटरला ३० ग्रॅम दाब म्हणजे बरोबर ३० सेंटीमीटर पाण्याची उंची, म्हणून त्यांना मीटर लागत नाही, टेप पुरते.

मग त्यांनी बर्नर बंद केला. पाणी ३४ वर गेलं. हे नॉर्मल म्हणाले, बंद केल्यावर थोडं वर जाऊन थांबतं. आणि मग ते दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळले, मला म्हणाले टेपकडे बघत बसा. मी बघत बसले. ३५. ३६. डोळ्यांना हलताना दिसत नव्हतं पण दोन मिनिटांनी ३८ होतं. पाच मिनिटांनी ४३ आणि अजून चढतच होतं. काका परत आले, एक नजर टाकली आणि म्हणाले, "हा गेला."

मला काही कळेना, कारण गॅस चालू असताना तर अगदी बरोबर २९ दाखवत होता. तेव्हा त्यांनी भंगारातला एक जुना रेग्युलेटर घेतला, तो आधीच उघडलेला होता, आणि आतलं दाखवलं. हे मला शाळेत कोणी दाखवलं असतं तर किती बरं झालं असतं. आत एक रबरी पडदा आहे, साधारण पुरीएवढा. त्याच्या वर स्प्रिंग, खाली मधोमध अडकवलेला एक छोटा लिव्हर, आणि लिव्हरच्या दुसऱ्या टोकाला शर्टच्या बटणापेक्षा लहान रबरी पॅड. हा पॅड एका बारीक भोकासमोर असतो, टाकीतला गॅस त्या भोकातून येतो. स्प्रिंग पडद्याला खाली ढकलते, लिव्हर हलतो, पॅड भोकापासून लांब होतो, गॅस आत येतो. आत गॅस साठला की तो पडद्याला वर उचलतो, लिव्हर उलटा फिरतो आणि पॅड भोकावर बसतो. तुम्ही बर्नर मोठा केला की आतला गॅस कमी होतो, पडदा खाली येतो, भोक थोडं जास्त उघडतं. बर्नर सिम केला की उलटं. दिवसभर हे असंच चालू असतं, ना लाइट, ना बॅटरी.

माझा प्रश्न होता की टाकीतला दाब इतका मोठा, आणि ३० ग्रॅमचा दाब त्याला अडवतो कसा? त्यांनी पडदा माझ्या हातात दिला आणि म्हणाले हा केवढा आणि ते भोक केवढं बघा. तो पडदा मी घरी घेऊन आले आणि मुलीने पट्टीने मोजला, व्यास ६ सेंटीमीटर, म्हणजे क्षेत्रफळ २८ चौरस सेंटीमीटर, गुणिले ३० ग्रॅम, म्हणजे जवळजवळ साडेआठशे ग्रॅमचा जोर. भोक २ मिलिमीटरचं धरलं तर टाकीचा दर चौरस सेंटीमीटरला ५ किलो दाब त्या भोकातून पॅडवर जेमतेम दीडशे ग्रॅमने ढकलतो. वर लिव्हरची मदत आहेच. मोठ्या पडद्यावरचा छोटा दाब छोट्या भोकावरच्या मोठ्या दाबाला धरून ठेवतो. मुलगी इतकी खूश झाली की तिने ते वहीत आकृती काढून लिहून ठेवलंय.

आणि खरी कमाल ही की थंडीच्या पहाटे टाकीत साधारण दोन-तीन किलो दाब असतो, एप्रिलच्या दुपारी सहा-सात किलो, पण शेगडीला दोन्ही वेळा तोच तीस ग्रॅमच्या आसपास. म्हणून आपल्या पोळीचा जाळ ऋतूप्रमाणे बदलत नाही. इतकी वर्षं रेग्युलेटर म्हणजे एक बटण, चालू-बंद, असंच समजत होते मी.

आता माझा का गेला ते. त्या भंगारातल्या रेग्युलेटरचा पॅड त्यांनी चिमट्याने काढून उजेडात धरला. रबरावर भोकाच्या कडेची गोल खोल रेघ उठली होती, अंगठी घट्ट झाल्यावर बोटावर वळ उठतो तशी, आणि त्या रेघेत धातूचा एक कण रुतलेला, रव्याच्या कणाहून बारीक. "तुमच्यातही असंच काहीतरी असणार." पॅड पूर्ण बसत नाही, रात्रभर गॅस एकेक थेंब आत झिरपतो, पाइपमधला दाब चढत राहतो, आणि सकाळी नॉब फिरवला की तो साठलेला दाब भक्कन बाहेर येतो. चालू असताना मात्र गॅस वापरला जातो म्हणून काहीच कळत नाही. आणि रात्री तो चढलेला दाब नॉबच्या कॉकमधलं ग्रीस वाळलेलं होतं तिथून बाहेर पडत होता, तो आईंना येणारा वास.

कॉकचं पण दाखवलं त्यांनी, ते थोडक्यात सांगते. नॉबमागे पितळेची निमुळती गुल्ली असते, तिला एक मोठं भोक आणि एक बारीक. मोठं भोक समोर आलं की फुल, बारीक आलं की सिम. म्हणजे नॉब फक्त वाट लहान-मोठी करतो, दाबाशी त्याचा काही संबंध नाही, तो रेग्युलेटरचा. दाब हलला तर नॉब त्याच जागी असूनही जाळ हलतो. आणि प्रत्येक गुल्ली तिच्या तिच्या घरात घासून बसवलेली असते, या कॉकची त्या कॉकला घालायची नाही. जड झाली की लोक खाण्याचं तेल सोडतात, तेल वाळून चिकट होतं आणि आणखी जड होतं. मी पण सोडलं होतं. काकांनी ते पुसलेलं फडकं दाखवलं, मधासारखा पिवळा चिकटा.

मग मी ते डिव्हाइस काढून विचारलं, हे का नाही सांगू शकलं? त्यांनी उलटसुलट करून बघितलं. म्हणाले, हे रेग्युलेटरच्या आधी बसतं, म्हणजे टाकीचा दाब दाखवतं, तुमचा घोटाळा रेग्युलेटरच्या नंतरचा. आणि टाकीत गॅस पातळ रूपात असतो, पातळ गॅस शिल्लक आहे तोवर टाकी भरलेली असो की पाव असो, दाब तापमानावर ठरतो. म्हणून थंडीत लाल, उन्हात हिरवा. पातळ गॅस संपला की मग काटा पडतो, पण तेव्हा जाळही पडतोच, त्यासाठी गेज कशाला. किती उरलाय बघायचं असेल तर टाकीवर रिकाम्या टाकीचं वजन लिहिलेलं असतं, काट्यावर ठेवून वजा करा, भरलेली असताना गॅस १४.२ किलो. नाहीतर ओलं फडकं फिरवा, जिथवर पातळ गॅस आहे तिथवर ओल हळू वाळते.

पाइप निघाला की बंद होतं हे मात्र खरं, त्याबद्दल ते वाईट बोलले नाहीत. आत एक छोटा दट्ट्या आणि स्प्रिंग आहे, गॅस जोरात धावला की दट्ट्या ढकलला जाऊन वाट बंद करतो. पण तो नेमका किती जोराला बंद व्हावा हे स्प्रिंगवर आहे, माझ्यातली इतकी हलकी की दोन बर्नर फुल केले तरी त्याला पाइप निघाल्यासारखं वाटायचं. आणि बारीक गळती झाली तर तो हलणारच नाही, कारण त्याच्या लेखी ती गळती आणि सिमवर ठेवलेला चहा सारखेच. आमच्याकडे होती ती बारीक गळतीच. म्हणून या डिव्हाइसला माझ्याकडून पाचपैकी एक, आणि तोही पाइप ओढल्यावर बंद झालं म्हणून.

रेग्युलेटर काकांनी दुरुस्त केला नाही, नवा विकलाही नाही. म्हणाले, हा एजन्सीचा, पावती घेऊन तिथेच बदलायचा, मी उघडणार नाही. मी म्हणलं पॅडच तर आहे, टाका ना. ठाम नाही म्हणाले. एजन्सीत गॅसचं कार्ड आणि पावती दाखवली, त्यांनी नंबर जुळवला आणि दुसरा रेग्युलेटर दिला. तो घेऊन मी परत काकांकडे गेले, फक्त टेपवर बघायला. चालू असताना ३०, बंद केल्यावर ३३, आणि दहा मिनिटं थांबले तरी ३३. त्याचे पैसे घेतले नाहीत.

मी उभी असताना एक मुलगा घरच्या शेगडीसाठी हाय प्रेशर रेग्युलेटर मागायला आला, वडापावच्या गाडीवर असतो ना भट्टीला, तो, म्हणे जाळ मोठा येतो. काकांनी दिला नाही. त्याचा दाब पेच फिरवून बराच चढवता येतो, घरच्या शेगडीचे कॉक आणि पाइप तेवढ्यासाठी केलेलेच नसतात. तो पोरगा वैतागून गेला, पण मला त्या दुकानाबद्दल आदर वाटला तो तिथे.

ज्यांच्याकडे एमएनजीएलची, म्हणजे पाइप गॅसची, लाइन आलीये त्यांनी पण ऐका. शेजारच्यांच्या शेगडीला लाइन आल्यावर जाळ मरतुकडा येत होता. पाइप गॅस घरात २१ मिलिबारने येतो, यू पाइपवर २१ सेंटीमीटर धरा, आणि त्यात तेवढ्याच आकारमानाला उष्णताही एलपीजीपेक्षा बरीच कमी, म्हणून जेटचं, म्हणजे बर्नरला गॅस सोडणाऱ्या छोट्या तोटीचं, भोक मोठं लागतं. एलपीजीचा जेट ठेवला तर जाळ मरतो, आणि उलट केलं, पाइप गॅसचा जेट सिलेंडरला ठेवला, तर पिवळा काजळीचा जाळ आणि धोका. त्यांच्या दोन बर्नरपैकी एकाचाच जेट बदलला गेला होता. काकांनी दुसरा बदलून दिला, पाच मिनिटांचं काम. तसा तो दाब पण गल्लीतल्या पाइपमध्ये ४ बार असतो, मग १०० मिलिबार, मग मीटरपाशी २१, प्रत्येक पायरीवर हाच पडदा आणि हीच स्प्रिंग, फक्त आकार वेगळे.

माझा खर्च: दोन कॉक साफ करून ग्रीस ४००, एक कॉक नवा २२०, जेट साफ करणं त्यातच. बिल हाताने लिहून देतात, यूपीआय चालतं. तक्रारी दोन. शेगडी सोडली की दोन दिवस लागतात आणि फोन उचलत नाहीत, झालं की नाही बघायला जावंच लागतं. आणि घरी येत नाहीत, वयामुळे असेल, पण ज्यांना शेगडी उचलून नेणं शक्य नाही त्यांची अडचण होते. तरी पाचपैकी पाच देते.

जाताना रेग्युलेटर नक्की न्या, सिलेंडर नेऊ नका. रेग्युलेटरच्या टोपणाला एक बारीक भोक असतं, पडद्याला श्वास घ्यायला, ते तेलकट धुळीने बुजलेलं असेल तर कोरड्या फडक्याने पुसा, सुई घालू नका, पडदा फाटतो. नारंगी सुरक्षा पाइपवर तारीख बघा, पाच वर्षं झाली असतील तर बदला.

आता सकाळी गॅस लावला की फुस्स् करून निळा जाळ शांत लागतो. सासूबाई पहिले आठ दिवस रात्री ओट्यापाशी जाऊन वास घेऊन यायच्या. मी पण आता त्यांच्याबरोबर जाते.